शेताला लागून ओढा असेल तर: हद्द कुठे संपते, हक्क कुठवर जातो

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी एकाच जातीच्या तक्रारी सुरू होतात. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने उन्हाळ्यात जेसीबी लावून नाला बुजवला, रान सपाट केलं, आणि पहिल्याच वळवाचं पाणी खालच्याच्या उसात घुसलं. कुठे खालच्याने बांध उचलून घेतला आणि वरच्याच्या सोयाबीनमध्ये तळं साचलं. कुठे ओढ्यानेच दोन-तीन पावसाळ्यांत काठ बदलला, एकाचं रान कापलं, समोरच्या काठाला गाळ टाकला, आणि त्या गाळावर आता दोघेही हक्क सांगतायत. दोन्ही बाजू सातबारा हातात घेऊन उभ्या असतात आणि कागद आपल्याच बाजूने बोलतोय अशी दोघांचीही खात्री असते.

या भांडणात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. ओढ्याखालची जमीन कोणाची, हा पहिला. ओढ्यातलं पाणी कोणी वापरायचं, हा दुसरा. आणि त्या पाण्याची वाट कोणाला अडवता येते का, हा तिसरा. तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या कायद्यांत आहेत. जमीन तुमची निघाली म्हणून पाणी तुमचं होत नाही, आणि जमीन व पाणी दोन्हींवर तुमचा हक्क असला तरी खालच्या शेतकऱ्याकडे जाणारा प्रवाह बंद करायचा अधिकार त्यातून मिळत नाही. जमीन महसुलाचे कायदे राज्यागणिक बदलतात, त्यामुळे इथलं सगळं विवेचन महाराष्ट्रापुरतं आहे.

पात्र कोणाच्या मालकीचं?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम २० या विषयाचा पाया आहे. सार्वजनिक रस्ते, खाड्या, नद्या, ओढे, नाले, तळी, कालवे, पाण्याचे प्रवाह आणि त्यांतलं साठलेलं किंवा वाहतं पाणी हे सगळं शासनाच्या मालकीचं आहे, असं ते सांगतं. मात्र त्याला एक महत्त्वाची अट आहे. जे कोणा व्यक्तीच्या मालकीचं नाही, तेच शासनाचं. आणि एखाद्याचा हक्क सिद्ध झाला असेल तर तो हक्क राखूनच बाकीचं शासनाचं. म्हणजे ‘प्रत्येक ओढा सरकारी’ हे जितकं चूक, तितकंच ‘माझ्या गटातून जातो म्हणजे माझा’ हेही अपुरं.

प्रत्यक्षात काय आहे ते गाव नकाशावर दिसतं. मोठा ओढा किंवा नदी बहुतेक वेळा दोन समांतर रेषांनी दाखवलेली असते आणि त्या पट्ट्याला कुठलाही सर्व्हे नंबर किंवा गट नंबर नसतो. दोन्ही बाजूंचे नंबर त्या रेषेपर्यंत येऊन थांबतात. हा पट्टा शासनाचा. तुमची हद्द त्या रेषेवर संपली.

लहान ओघळी आणि नाले मात्र अनेकदा एकाच रेषेने, नंबराच्या पोटातून जाताना दाखवलेले असतात. त्या ठिकाणी नाल्याखालची जमीन तुमच्या गटाच्या एकूण क्षेत्रात मोजलेली असू शकते. ते पडताळायचं तर सातबाऱ्यावरचा पोटखराबाचा रकाना बघा. लागवडीला अयोग्य म्हणून जे क्षेत्र वेगळं काढलेलं असतं त्याचे दोन वर्ग आहेत. वर्ग ‘अ’ मध्ये खडक, खंदक, नाले, शेतातली इमारत, खळं अशा कारणांनी पिकाखाली नसलेली जमीन येते. ती धारकाने स्वतःच्या खर्चाने लागवडीखाली आणायला हरकत नसते. वर्ग ‘ब’ मधली जमीन सार्वजनिक कारणासाठी राखलेली असते: रस्ता, पायवाट, लोक वापरतात ते पाण्याचे प्रवाह, तळं, स्मशान. ती तुमच्या सातबाऱ्यावर दिसली तरी नांगर घालायचा अधिकार तुम्हाला नाही.

इथे एका गैरसमजाचं नुकसान फार मोठं होतं. पोटखराबा ‘अ’ लागवडीखाली आणता येतो हे ऐकून लोक त्यातला वाहता नालाच बुजवतात. महसूल खात्याच्या दृष्टीने ते क्षेत्र पिकाखाली येऊ शकतं, एवढाच त्याचा अर्थ. त्या नाल्यातून वरच्या चार शेतांचं पाणी उतरत असेल तर त्या चौघांचा आणि खालच्यांचा हक्क कुठेही गेलेला नाही. आकारणीचा नियम आणि शेजाऱ्याचा हक्क यांचा एकमेकांशी संबंध नाही.

दुसरा समज म्हणजे ‘ओढ्याच्या मध्यापर्यंत आपलं’. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात काठाच्या मालकाला पात्राच्या मध्यापर्यंत मालकी देणारा विचार आहे, आणि आपल्याकडेही तो तोंडी चालत आलेला दिसतो. पण नकाशावर ओढा नंबराबाहेर, स्वतंत्र दाखवलेला असेल तर कलम २० समोर हा दावा टिकवणं कठीण आहे. शासन आणि तुम्ही यांच्यातच पात्रावरून वाद झाला तर जिल्हाधिकारी किंवा मोजणी अधिकारी नोटीस देऊन रीतसर चौकशी करतात आणि निर्णय देतात. तो मान्य नसेल तर दिवाणी न्यायालयात जायला एक वर्षाची मुदत आहे. ही मुदत उलटून गेल्यावर वकिलाकडे जाणारे पुष्कळ असतात, म्हणून ती ठळकपणे सांगतो.

नकाशा कुठला मागायचा

इथे थोडं खोलात जायला हवं, कारण बहुतेक भांडणं चुकीचा कागद समोर ठेवल्यामुळे लांबतात.

मुंबई इलाख्यातली शास्त्रशुद्ध जमीन मोजणी १८३० च्या दशकात आकाराला आली. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी केलेलं काम तिचा आरंभ मानलं जातं. शेतात उभं राहून मोजणीदाराने काढलेलं हातचं रेखाटन म्हणजे टिपण. त्यात बाजूंची लांबी ३३ फुटी साखळीत आणि तिच्या सोळा आण्यांत लिहिलेली असते. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. आजही आपण हेच माप वापरतो. ओढा सीमारेषेला कुठे छेदतो, विहीर कुठे आहे, हेही अनेक टिपणांत नोंदलेलं असतं. एक आणा साधारण दोन फुटांचा होतो. म्हणजे मूळ नोंदच दोन फुटांच्या पटीत झालेली असताना ओढ्याकाठच्या एका फुटासाठी पिढ्यान्‌पिढ्या खटला चालवण्यात काय हाशील आहे, याचा दोन्ही घरांनी शांतपणे विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

पुढे १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी एकत्रीकरण योजना राबवली गेली आणि सर्व्हे नंबरांचे गट झाले. गट नकाशावर एखादा बारीक नाला सुटलेला असतो किंवा नीट उतरलेला नसतो. म्हणून वाद ओढ्याचा असेल तर नुसत्या गट नकाशावर थांबू नका. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणापूर्वीचा गाव नकाशा, मूळ टिपण, फाळणी (नंबराचे पोटहिस्से दाखवणारं रेखाटन) आणि क्षेत्र बदललं असेल तर कमी-जास्त पत्रक यांच्या नकला काढा. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांचा मेळ लावणारा उतारा सोबत घ्या. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसणारा नकाशा अंदाजापुरता चांगला आहे. हद्द त्यावरून ठरवू नका.

मग मोजणीचा अर्ज. तो उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे जातो. लगतच्या धारकांना नोटीस निघते आणि मोजणीनंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. अर्ज भरताना हद्दीबरोबर ओढ्याचं आजचं पात्रही नकाशावर दाखवावं, अशी विनंती लेखी करून ठेवा. नुसती हद्द कायम करून मिळाली की नकाशावर चार कोन दिसतात, पण पाणी आज कुठून वाहतंय ते दिसत नाही, आणि तहसीलदारासमोर नेमकं तेच दाखवायचं असतं. मोजणी शक्यतो पिकं निघाल्यावर, पात्र कोरडं असताना घ्या. त्या वेळी काठ दिसतो, हद्दीचे दगड सापडतात आणि साखळी असो की रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र), ते लावायला जागा मिळते.

ओढा सरकला तर

पाणी सरकतं तशी कागदावरची हद्द सरकत नाही. मोजणीने आणि चौकशीने निश्चित झालेली सीमा पुढेही सीमा म्हणून धरली जाते. ओढ्याने तुमच्या बाजूचा दहा फूट काठ कापला म्हणजे समोरच्याला तुमच्या गटातली दहा फूट जमीन मिळाली, असं होत नाही.

पण काठाला लागून पात्रातच नवी गाळाची जमीन तयार झाली तर? संहितेत यासाठी मळईच्या जमिनीच्या वेगळ्या तरतुदी आहेत, कलम ३२ आणि ३३. ही नवी जमीन एक एकरापेक्षा कमी आहे तोवर लगतच्या काठाच्या भोगवटादाराला, म्हणजे ती जमीन धारण करणाऱ्याला, ती तात्पुरती वापरता येते. ‘तात्पुरती’ हा शब्द इथे अक्षरशः घ्या. त्यावर विहीर पाडणं, घर बांधणं किंवा ती विकणं यात बसत नाही. एकराच्या वर गेली की ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते. ती द्यायची ठरली तर आधी काठाच्या भोगवटादारालाच देऊ करायची, असा क्रम कायद्याने घालून दिला आहे. त्याने नाकारली तरच दुसऱ्याला.

उलट बाजूही कायद्याने पाहिली आहे. पुराने जमीन वाहून गेली आणि ती अर्ध्या एकरापेक्षा कमी नसेल, तर तेवढ्यापुरता आकार, म्हणजे शेतसारा, कमी करून मागता येतो. ती जमीन पुन्हा वर आली तर आकारही पुन्हा लागू होतो. आजच्या घडीला शेतसाऱ्याची रक्कम किरकोळ असते, म्हणून हा अर्ज कोणी करत नाही. तरी तो करावा, असं माझं मत आहे. पैसे वाचतात म्हणून नव्हे. अर्जामुळे कोणत्या साली, किती जमीन, कोणत्या बाजूने गेली याची सरकारी दप्तरात नोंद होते. पुढच्या पिढीला हा कागद पैशापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

धरणाच्या बुडित क्षेत्रात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन मात्र या तरतुदींत धरू नका. ती संपादित झालेली जमीन असते आणि ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जाते.

पाणी वापरायचा हक्क

इथे १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा येतो. सुविधाधिकार म्हणजे आपल्या जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला वाट-पाण्यासारखा हक्क. त्याच्या कलम ७ मधली उदाहरणं वाचली की शतकापूर्वीच्या कायदेपंडितांनी शेतातली भांडणं किती बारकाईने पाहिली होती ते कळतं. नैसर्गिक प्रवाहाला लागून ज्याची जमीन आहे, त्याला पिण्यासाठी, घरच्या वापरासाठी आणि गुराढोरांसाठी पाणी घेण्याचा हक्क आहे. त्याच जमिनीचं सिंचन करायलाही तो पाणी घेऊ शकतो, मात्र काठावरच्या इतर धारकांचं ठळक नुकसान होता कामा नये.

या एका वाक्यात बरंच काही आहे. प्यायच्या पाण्यावर ती अट नाही, सिंचनावर आहे. शिवाय सिंचन म्हणजे काठाला लागून असलेल्या जमिनीचं. त्या हक्काच्या जोरावर तीन किलोमीटर दूरच्या माळावर पाणी नेता येत नाही. आणि ‘आमचा ओढा फक्त पावसाळ्यात वाहतो, त्याला कसला आलाय कायदा’ असं म्हणणाऱ्यांसाठी त्याच कलमात स्पष्टीकरण आहे: प्रवाह बारमाही असो वा हंगामी, निसर्गाने आणि ओळखता येईल अशा वाटेने वाहत असेल तर तो नैसर्गिक प्रवाहच. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातले बहुतेक ओढे याच व्याख्येने वाचतात.

याच कायद्याने शासनाचा अधिकार मात्र आधीच बाजूला राखून ठेवला आहे. नद्या-ओढ्यांचं पाणी साठवणं, त्याचं वाटप आणि नियमन करणं याला सुविधाधिकाराने बाधा येत नाही. म्हणून नदीतून, अधिसूचित नाल्यातून किंवा धरणाच्या फुगवट्यातून मोटार लावून पाणी उचलायचं तर जलसंपदा विभागाचा उपसा परवाना लागतो आणि पाणीपट्टी भरावी लागते. टंचाईच्या वर्षी पिण्यासाठी पाणी राखायला उपसाबंदी लागली तर परवानाधारकाची मोटारही बंद होते. काठावर जमीन असणं म्हणजे रांगेत उभं राहण्याचा हक्क, पण रांगेत सगळ्यात पुढे पिण्याचं पाणी उभं असतं.

ज्याच्याकडे पाण्याचा कायदेशीर स्रोत आहे पण मधे दुसऱ्याचं रान आहे, त्याचं काय? संहितेचं कलम ४९ त्याच्यासाठी आहे. शेजारी राजी नसेल तर तहसीलदाराकडे अर्ज करून पाट किंवा जमिनीखालून पाईपलाईन नेण्याची परवानगी मिळू शकते. कमीत कमी नुकसान होईल अशी वाट निवडायची, पाट दीड मीटरपेक्षा रुंद करायचा नाही, आणि शेजाऱ्याला नुकसानभरपाई व भाडं द्यायचं. शेजाऱ्यानेही हे लक्षात ठेवावं की त्याची जमीन यातून जात नाही, फक्त वाट दिली जाते. वीस वर्षं उघडपणे, शांततेने आणि विनाखंड वापरात असलेला पाट तर सुविधाधिकारच होऊन बसतो. सरकारी जमिनीवरून असेल तर ही मुदत तीस वर्षांची आहे.

कायद्याच्या पुस्तकाबाहेरही आपल्याकडे पाणी वाटून घेण्याची पक्की रीत होती. धुळे-नाशिक भागात पांझरा आणि मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी फडाफडाने फिरायचं. कुठल्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते गावकरी मिळून ठरवायचे आणि पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला असायचा. एकट्या धारकाला आपल्या मर्जीने पाणी फोडायची मुभा नव्हती. कितीतरी पिढ्या हे न्यायालयाविना चाललं, याचं मला फार मोल वाटतं.

वाळू, झाडं आणि प्लॉट

काठावरच्या धारकाला पात्रातल्या वाळूवर हक्क नाही, हे थोडक्यात. खनिजं शासनाची आहेत. परवानगीवाचून वाळू उचलली तर कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहनही जप्त होतं. काठावरच्या झाडांबाबतही नियम सैल नाहीत: जलप्रवाहाच्या काठापासून ३० मीटरच्या आतली झाडं तोडायची परवानगी सहज मिळत नाही, कारण काठ धरून ठेवायचं काम तीच करतात. करंज, उंबर तोडून काठ मोकळा केला की पुढच्या दोन पुरांत बांधाची माती जाते.

प्लॉट घेणाऱ्यांसाठी मात्र दोन शब्द जास्त लिहायला हवेत. जलसंपदा विभाग नद्यांच्या काठाने दोन पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. तिच्या आत बांधकाम निषिद्ध. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध. या आकड्यांनी लोकांची फसगत होते. २५ वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात चार, एवढाच. एकदा आला म्हणजे पुढची चोवीस वर्षं सुटका, असं नाही. कोल्हापूरकरांनी हे पाहिलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये नदीने ती खूप मागे टाकली आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा.

शहराजवळच्या ओढ्यांना अनेकदा पूररेषाच आखलेली नसते, आणि धोका तिथेच जास्त असतो. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जे केलं ते काठावर राहणारे लोक विसरलेले नाहीत. गुंठेवारीचा प्लॉट दाखवणारा माणूस ‘हा नाला आता बंद झालाय’ म्हणाला तर जुना गाव नकाशा हातात घेऊन मगच पुढचं बोलणं करा. नकाशावर प्रवाह असेल तर तो बंद झालेला नाही, कोणीतरी बंद केलाय.

पात्र वळवण्याचा प्रयत्न किती दूर जाऊ शकतो आणि न्यायालय त्याकडे कसं बघतं, याचं उदाहरण हिमाचल प्रदेशातलं आहे. बियास नदीकाठच्या एका मोटेलने पुराचा त्रास चुकवायला यंत्रं लावून नदीचा प्रवाहच वळवला. एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जमिनीची लीज रद्द केली आणि भरपाई करायला लावली. नद्या, किनारे, वनं यांचा शासन हा विश्वस्त आहे, मर्जीप्रमाणे वाटून टाकणारा मालक नाही, हे तत्त्व त्या निकालाने आपल्या कायद्यात पक्कं केलं. म्हणजे पात्र शासनाचं आहे म्हटल्यावर शासनालाही ते कोणाला देऊन टाकता येत नाही.

पाण्याची वाट

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात, आणि सुदैवाने सगळ्यात स्पष्ट कायदाही इथेच आहे.

पाण्याचे दोन प्रकार वेगळे करा. एक, ठरावीक वाटेने वाहणारा ओढा-नाला. दुसरा, पाऊस पडल्यावर रानभर पसरून उताराने खाली येणारं पाणी. पहिल्याबाबत सुविधाधिकार कायदा म्हणतो, की प्रवाह प्रत्येक धारकाच्या हद्दीतून अडथळ्याविना गेला पाहिजे, आणि त्याचं प्रमाण, दिशा, जोर यांत ठळक बदल कोणी करता कामा नये. दुसऱ्याबाबत, वरच्या रानात नैसर्गिकपणे पडलेलं पाणी खालच्याने आपल्या रानात उतरू दिलं पाहिजे. त्याच वेळी ठरावीक वाट नसलेलं पाणी आपल्या हद्दीत अडवून वापरायला कोणाचीही हरकत नाही.

म्हणून रानातलं पाणी जिरवायला शेततळं खणलं, बांधबंदिस्ती केली तर ते तुमच्या हक्कात आहे. ओढ्यालाच आडवी माती टाकून तळं केलं तर नाही. खालच्याने बांध उंच करून वरचं पाणी तुंबवणं चूक. आणि वरच्याने आधी रानभर पसरून येणारं पाणी एका चरात गोळा करून शेजाऱ्याच्या एकाच कोपऱ्यावर सोडणंही तितकंच चूक, कारण ते आता नैसर्गिक राहिलेलं नाही.

नाला सरळ आणि खोल करायची कामं गेल्या दहा-बारा वर्षांत गावोगावी झाली आहेत. जिथे उतार, पात्राची रुंदी आणि खालचा खडक बघून काम झालं तिथे विहिरींना पाणी आलं. पण अनेक ठिकाणी वळणं काढून नाला सरळ केला, निघालेली माती काठावर रचली, आणि दोन गोष्टी एकदम झाल्या: काठालगतच्या रानाचं पाणी मातीच्या ढिगाने तुंबलं आणि खालच्या गावाला पाणी आधीपेक्षा वेगाने पोहोचलं. काम सरकारी योजनेतलं असलं तरी ज्याच्या रानात पाणी तुंबलं त्याने गप्प बसायचं कारण नाही; ग्रामपंचायत आणि ते काम करणाऱ्या खात्याकडे लेखी तक्रार करून काठाची माती हटवून मागता येते.

तितकीच नेहमीची गोष्ट म्हणजे ओढ्यातून ट्रॅक्टर न्यायला टाकलेल्या सिमेंटच्या नळ्या. ऊस बाहेर काढायला रस्ता हवा असतो, म्हणून पात्रात दोन नळ्या टाकून वर मुरूम भरतात. उन्हाळ्यात ते छान दिसतं. पण आठ-दहा फूट रुंद पात्राचं पाणी दोन फुटी नळ्यांतून जात नाही. पालापाचोळा अडकतो, पाणी वर चढतं आणि बाजूचं रान फोडून वाट काढतं. नळ्या टाकायच्याच असतील तर मोठ्या पुराचं पाणी वरून जाईल असा खालचा, पक्का फरशी रस्ता करा आणि आधी तहसील व ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या.

अडथळा झाल्यावर जायचं कुठे? मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. जुना आहे, पण शेतकऱ्याच्या हातातलं सगळ्यात जवळचं हत्यार आहे. शेतीच्या जमिनीवर पडलेल्या किंवा उगम पावलेल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी बेकायदा अडवला आणि त्यामुळे शेजारच्या जमिनीचं नुकसान होतंय किंवा होण्याचा संभव आहे, तर कलम ५ खाली तहसीलदार तो अडथळा काढून टाकायचा आदेश देऊ शकतात. नुकसान होण्याचा ‘संभव’ पुरतो. पीक कुजेपर्यंत थांबावं लागत नाही. अर्जात अडथळा कुठे आहे, कसला आहे, कोणी आणि कोणत्या तारखेला केला हे स्पष्ट लिहावं लागतं. गट नकाशाची नक्कल, पाणी तुंबलेलं असतानाचे तारखेसह फोटो आणि लगतच्या दोघा-चौघांचे जबाब जोडले की स्थळपाहणीच्या वेळी काम सोपं होतं.

तारीख इतकी महत्त्वाची का, तर हा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आतच करावा लागतो. मार्चमध्ये बुजवलेल्या नाल्याचा त्रास जुलैत दिसतो. मग गावकीत मिटवायचा प्रयत्न होतो, गणपती येतात, दसरा होतो, आणि दिवाळीनंतर तहसीलला गेल्यावर कळतं की मुदत संपली. गावकीत जरूर बसा, पण अर्ज दाखल करून बसा. आपसात मिटलं तर तसं लिहून देऊन अर्ज मागे घेता येतो.

तहसीलदारांच्या आदेशावर अपील नाही, पण जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो. तो बहुतेक ठिकाणी प्रांत अधिकारी ऐकतात. सहा महिने उलटले असतील किंवा वाद हक्काच्या मुळाशी जात असेल तर दिवाणी न्यायालय उघडं आहे. तिथे अडथळा काढायचा आणि पुन्हा तो न करण्याचा हुकूम मागता येतो, सोबत नुकसानभरपाईही. त्यासाठी मोजणीची ‘क’ प्रत, पीक नुकसानीचा पंचनामा आणि आधी केलेल्या प्रत्येक अर्जाची पोच एका फाईलमध्ये लावून ठेवा. पोच नसलेला अर्ज केलाच नाही, असं समोरचा वकील म्हणतो, आणि न्यायालयाला ते मान्य करावं लागतं.